‘हूस’ म्हणजे घर : चूक ठरलेल्या एका उच्चाराचा इतिहास

पाचवीत आमचे इंग्रजी सुरू झाले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर घराचे चित्र काढले आणि त्याखाली स्पेलिंग लिहिले : एच-ओ-यू-एस-ई. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचे, ‘हाउस’. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, ओ आणि यू मिळून ‘आउ’ कसा होतो?’’ ‘‘इंग्रजांची भाषा आहे, त्यांनाच विचार,’’ असे उत्तर मिळाले. वर्ग हसला आणि धडा पुढे गेला.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी संशोधनाच्या निमित्ताने स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबर्डीन शहरात, काही महिने राहण्याचा योग आला. प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये निवृत्तीला आलेले एक मेकॅनिक होते. माझ्या उपकरणाचे सुटे भाग तेच करून देत. ते आपापसात बोलू लागले की मला निम्मेही समजत नसे. ‘हाउस’ला ते ‘हूस’ म्हणत, ‘आउट’ला ‘ऊट’ आणि ‘डाउन’ला ‘डून’. ‘गुड’चा उच्चार ‘ग्वीड’ असा होई. एकदा संध्याकाळी आकाशाकडे बोट दाखवून ते ‘मीन’ म्हणाले. मराठी कानाला मीन म्हणजे मासा किंवा रास. थोड्या वेळाने उलगडा झाला की ते ‘मून’ म्हणजे चंद्राबद्दल बोलत होते.

माझा गोंधळ पाहून ते ओशाळले. म्हणाले, ‘‘तुमचे इंग्रजी चांगले आहे. आमचे बिघडलेले. शाळेत ‘हूस’ म्हटले म्हणून मास्तरांनी हातावर चामड्याचा पट्टा मारला होता, तरी जिभेला वळण लागले नाही.’’

साठीच्या घरातला, हातात विलक्षण कसब असलेला माणूस आपल्या आईच्या बोलीबद्दल एका परदेशी माणसाची माफी मागत होता. ती गोष्ट मनात रुतून बसली. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे, पण ‘बिघडलेले’ या शब्दाने माझे कुतूहल चाळवले. बिघडले असे म्हणायचे तर मूळ काय होते हे आधी ठाऊक हवे. त्या मुळाचा शोध घेताना जे वाचनात आले, ते शिक्षकांच्या विशेष उपयोगाचे आहे असे वाटते.

स्पेलिंगची साक्ष

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जुन्या इंग्रजीत घराला शब्द होता ‘हूस’. तो ‘एच-यू-एस’ असा लिहीत आणि त्यातला ‘ऊ’ दीर्घ होता. इंग्रजीच्या नात्यातल्या भाषा हेच सांगतात. आइसलँडमध्ये घराला आजही ‘हूस’ म्हणतात, डेन्मार्कमध्येही ‘हूस’. जर्मनमध्ये आज ‘हाउस’ आहे, पण स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीत ‘हूस’च टिकला आहे.

मग स्पेलिंगमध्ये ‘ओ-यू’ कोठून आले? १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि लेखनिकांच्या हाताला फ्रेंच वळण लागले. फ्रेंचमध्ये ‘ऊ’ हा ध्वनी ‘ओ-यू’ असा लिहितात. इंग्रजीने पुढे फ्रेंचमधून घेतलेल्या ‘सूप’ आणि ‘ग्रूप’ या शब्दांचे स्पेलिंग आठवून पाहावे. तेव्हा ‘हूस’मधला ‘ऊ’ही ‘ओ-यू’ लिहिला जाऊ लागला. त्या काळी स्पेलिंग आणि उच्चार यांचे अगदी बरोबर जुळत होते. पुढे उच्चार बदलला, स्पेलिंग मात्र जागच्या जागी राहिले. आमच्या वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. ओ आणि यू मिळून पूर्वी ‘आउ’ होतच नव्हता.

म्हणजे मूळ उच्चार ‘हूस’. बदलला तो लंडनचा. अ‍ॅबर्डीनच्या मेकॅनिकने काहीही बिघडवले नव्हते. त्याच्या गावाने ‘ऊ’ जपून ठेवला होता.

इथे एक खुलासा करायला हवा. स्कॉटलंडच्या सखल भागात बोलली जाणारी ‘स्कॉट्स’ ही लंडनच्या इंग्रजीपासून फुटलेली शाखा नव्हे. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रिया नावाचे अँगल लोकांचे राज्य उत्तरेला फोर्थच्या खाडीपर्यंत पसरले होते. त्या राज्यातल्या बोलीतून स्कॉट्स वाढली. प्रमाण इंग्रजी दक्षिणेकडच्या बोलींतून वाढली. दोघी बहिणीच म्हणायच्या. (डोंगराळ भागातली आणि पश्चिम बेटांवरची गेलिक भाषा मात्र वेगळ्या, केल्टिक कुळातली आहे.)

स्वरांचा खो-खो

साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग आपल्या जागा सोडून सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये या घटनेला ‘महास्वरांतर’ अशा अर्थाचे नाव दिले. जॉन हार्ट या लेखकाने १५६९ मध्ये इंग्रजीच्या लेखनपद्धतीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने योजलेल्या उच्चारानुसारी स्पेलिंगवरून दिसते की तोपर्यंत ‘हूस’मधला ‘ऊ’ फुटून दुहेरी स्वर झाला होता.

हे समजून घ्यायला आरसा घ्यावा आणि मोठ्याने ‘ई, ए’ आणि ‘ऊ, ओ’ म्हणून पाहावे. ‘ई’ आणि ‘ए’ म्हणताना जिभेचा पुढचा भाग उचललेला असतो, ‘ऊ’ आणि ‘ओ’ म्हणताना मागचा. ‘ई’ व ‘ऊ’ या वरच्या जागा, तर ‘ए’ व ‘ओ’ त्यांच्या खालच्या. महास्वरांतरात खालचे स्वर वर चढले. पूर्वीचा ‘ग्रेन’ (हिरवा) ‘ग्रीन’ झाला आणि ‘मोन’ (चंद्र) ‘मून’ झाला. वरच्या स्वरांना आणखी वर जायला जागाच नव्हती, ते फुटून दुहेरी झाले. ‘टीम’ (वेळ) ‘टाइम’ झाला आणि ‘हूस’ ‘हाउस’ झाला.

आता प्रश्न असा की सुरुवात कोणी केली? वरचा स्वर आधी निघून गेला आणि रिकाम्या जागेवर खालचा चढला, की खालच्याने वर चढून वरच्याला उठवले? येस्पर्सन यांचा कल पहिल्या उत्तराकडे होता. ऑस्ट्रियाचे कार्ल लुइक यांनी १८९६ मध्येच दुसरे उत्तर दिले होते आणि त्यासाठी जो पुरावा मांडला तो उत्तरेकडच्या खेड्यांमधला होता.

उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये महास्वरांतर सुरू होण्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती. तेथे ‘मोन’ आणि ‘गोड’ (म्हणजे आजचा ‘गुड’) या शब्दांतला दीर्घ ‘ओ’ तोंडाच्या मागच्या बाजूने पुढच्या बाजूला सरकला. हा नवा स्वर मराठीत नाही, पण करून पाहता येतो. ओठ ‘ओ’साठी करतो तसे गोल ठेवावेत आणि जिभेने मात्र ‘ए’ म्हणावे. जो चमत्कारिक स्वर निघेल तो हाच. चौदाव्या शतकातल्या उत्तरेकडच्या हस्तलिखितांत असे शब्द ‘यू’ अक्षराने लिहिलेले आढळतात आणि फ्रेंचमधून आलेल्या तशाच स्वराच्या शब्दांशी त्यांची यमके जुळवलेली दिसतात.

लुइक यांचा युक्तिवाद आपल्या खो-खोच्या भाषेत सांगता येईल. दक्षिणेत ‘ओ’ वर आला आणि त्याने ‘ऊ’ला खो दिला. ‘ऊ’ला उठावेच लागले आणि ‘हूस’चा ‘हाउस’ झाला. उत्तरेत खो द्यायला ‘ओ’ जागेवरच नव्हता, तो आधीच पुढच्या बाजूला निघून गेला होता. खो मिळाला नाही म्हणून ‘ऊ’ बसून राहिला. ‘हूस’ टिकला, ‘ऊट’ टिकला, ‘डून’ टिकला.

एखाद्या प्रयोगात नियंत्रण म्हणून ठेवावी तशी तुलनाही निसर्गाने इथे करून ठेवली आहे. तोंडाच्या पुढच्या बाजूला ‘ए’ स्वर उत्तरेतही जागेवर होता. तेथे काय झाले? ‘ए’ वर चढला, ‘ग्रेन’चा ‘ग्रीन’ झाला, आणि ‘ई’ फुटून ‘टीम’चा ‘टाइम’सारखा उच्चार झाला, अगदी दक्षिणेसारखा. जेथे खो देणारा होता तेथे बदल झाला, जेथे नव्हता तेथे झाला नाही. शिवाय ‘हूस’ टिकलेला प्रदेश आणि ‘ओ’ पुढे सरकलेला प्रदेश यांच्या सीमा बऱ्याच अंशी एकमेकींवर पडतात. ही सीमा इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजकीय सरहद्दीवर नसून तिच्या पुष्कळ दक्षिणेला, साधारणपणे पूर्वेच्या हंबर नदीपासून पश्चिमेच्या लून नदीपर्यंत जाते. न्यूकॅसल शहर इंग्लंडमध्ये आहे, तरी तेथील लोक आपल्या गावाला प्रेमाने ‘टाउन’ऐवजी ‘टून’च म्हणतात.

सगळेच अभ्यासक लुइक यांचे प्रत्येक विधान मान्य करतात असे नाही. संपूर्ण महास्वरांतर ही एकच सलग घटना होती का, यावरही वाद आहे. पण हा वाद ज्या पुराव्यावर चालतो त्यात ‘हूस’ला मोठे वजन आहे. ज्या उच्चाराबद्दल शाळेत पट्टा बसत होता तोच उच्चार इंग्रजीच्या इतिहासातल्या एका मोठ्या प्रश्नाचा साक्षीदार आहे.

एका ‘गुड’चे किती उच्चार?

आधीच पुढे सरकलेल्या त्या ‘ओ’चे काय झाले? त्याचा प्रवास गावोगावी निराळा झाला. ‘गुड’ हा शब्द स्कॉट्समध्ये ‘जी-यू-आय-डी’ असा लिहितात. लेखन एक, पण उच्चार अनेक. शेटलंड बेटांवर गोल ओठांचा जुना स्वर आजही ऐकू येतो. ग्लासगो आणि एडिंबरो यांच्या मध्यपट्ट्यात ओठांची गोलाई गेली आणि ‘गुड’चा ‘गिड’ झाला, ‘मून’चा ‘मिन’. ईशान्येला अ‍ॅबर्डीनकडे तोच स्वर ‘ई’ झाला, म्हणून ‘मून’चा ‘मीन’ आणि ‘बूट्स’चे ‘बीट्स’. ‘ग’ किंवा ‘क’ आधी असेल तर मात्र गोल ओठांची खूण ‘व’ होऊन राहिली : ‘गुड’चा ‘ग्वीड’, ‘स्कूल’चे ‘स्क्वील’. आमच्या मेकॅनिकच्या तोंडच्या ‘ग्वीड’मधला ‘व’ म्हणजे सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका स्वराचा अवशेष होता.

मध्यपट्ट्यात आणखी एक बारकावा आहे. तेथे ‘मून’चा ‘मिन’ होतो, पण ‘फ्लोअर’चा ‘फ्लेर’ होतो. दोन्हींतला मूळ स्वर एकच. मग फरक का? ‘र’, ‘व्ह’, ‘झ’ अशा ध्वनींच्या आधी स्कॉट्समध्ये स्वर लांबतो, इतरत्र आखूड राहतो. आखडलेल्या स्वराचा ‘इ’ झाला, लांबलेल्याचा ‘ए’. ए. जे. एटकिन यांनी १९८१ मध्ये हा नियम सविस्तर मांडला. बेशिस्त वाटणाऱ्या बोलीत पाठ्यपुस्तकात छापण्याजोगा काटेकोर नियम दडलेला होता.

उलट, ज्या इंग्रजीला आपण प्रमाण म्हणतो तिच्यात ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ हे तीन शब्द एकाच ‘ओ-ओ’ने लिहून तीन तऱ्हांनी उच्चारतात. या तिघांतही मूळचा दीर्घ ‘ओ’ होता. तो वर चढून ‘ऊ’ झाला, काही शब्दांत आखडून ‘उ’ झाला आणि ‘ब्लड’सारख्या शब्दांत त्याहीपुढे गेला. नियमितपणाच्या कसोटीवर गुण द्यायचे ठरवले तर अ‍ॅबर्डीनचा क्रमांक खाली लागेल असे वाटत नाही.

हॉइकचा मास्तर

हे उच्चार शास्त्रीय पद्धतीने टिपण्याचे काम एका शाळामास्तराने सुरू केले. जेम्स मरे यांचा जन्म १८३७ मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या डेनम या खेड्यात, शिंप्याच्या घरी झाला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे जवळच्या हॉइक गावात ते सहायक शिक्षक आणि विशीतच मुख्याध्यापक झाले. नंतर लंडनला जाऊन त्यांनी बँकेत कारकुनी केली, पुन्हा शाळेत शिकवले आणि १८७३ मध्ये दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याच गावच्या बोलीकडे निसर्गनिरीक्षकाच्या डोळ्यांनी पाहणारा हा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. १८७९ मध्ये ते ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचे संपादक झाले.

(मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन हेही याच सीमाभागातल्या लॉडर गावचे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरची टिपणे जोडणारे ते हेच.)

मरे यांच्या हॉइकने आपल्या सोप्या सिद्धांताला थोडा धक्काही दिला आहे. बहुतेक स्कॉटलंडमध्ये गाईला ‘कू’ म्हणतात. हॉइककडे ‘हूस’ आहे, पण गाय मात्र ‘काऊ’सारखी म्हटली जाते. तेथे शब्दाच्या शेवटी आलेला ‘ऊ’ फुटला, शब्दाच्या मध्ये असलेला तसाच राहिला. म्हणजे खो न मिळताही एखादा स्वर स्वतःहून उठू शकतो. बोली म्हटली की ती जुनीच असणार, हेही गृहीत धरून चालत नाही. प्रत्येक उच्चाराची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

अशी चौकशी देशभर करण्यासाठी एडिंबरो विद्यापीठाने १९४९ मध्ये स्कॉटलंडची भाषिक पाहणी सुरू केली. टपालाने पाठवलेल्या प्रश्नावल्या योग्य माणसांपर्यंत पोचवण्याचे काम गावोगावच्या शाळांतील मुख्याध्यापकांनी केले. या पाहणीतून तयार झालेला भाषिक नकाशासंग्रह १९७५, १९७७ आणि १९८६ अशा तीन खंडांत प्रसिद्ध झाला. तिसरा खंड उच्चारांचा आहे. शाळेतून जी बोली हद्दपार करायची होती, तिची नोंद अखेर शाळेच्याच मदतीने झाली.

चूक कोणी ठरवली?

पंधराव्या शतकात स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात. म्हणजे ती राजभाषा होती. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला. १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या. यानंतर एडिंबरोच्या सुशिक्षितांना आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूम यांच्यासारख्या मोठ्या तत्त्वज्ञाने लिहिताना टाळायच्या स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादी केली. १७६१ मध्ये थॉमस शेरिडन यांनी ‘शुद्ध’ इंग्रजी वक्तृत्वावर एडिंबरोत व्याख्याने दिली. गंमत म्हणजे हे शेरिडन स्वतः आयरिश होते.

१८७२ च्या कायद्याने पाच ते तेरा वयाच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले. शाळेची भाषा इंग्रजी होती. १९४६ मध्येही प्राथमिक शिक्षणावरच्या एका सरकारी अहवालाने असे मत दिले की स्कॉट्स ही सुशिक्षितांची भाषा नाही आणि शिक्षणाचे माध्यम होण्यास ती योग्य नाही. आमचे मेकॅनिक शाळेत गेले ते या अहवालानंतर थोड्याच वर्षांनी. या सगळ्या इतिहासात ‘हूस’मधल्या ध्वनीत काहीही बदल झालेला नाही. बदलली ती सत्तेची जागा.

आता वारे थोडे फिरले आहे. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सबद्दल प्रथमच प्रश्न विचारला गेला. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे सांगितले. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला.

आपल्या वर्गात

या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? मालवणकडचे मूल वर्गात ‘घोडो’ म्हणते, आपण ‘घोडा’ म्हणून दुरुस्ती करतो. महाराष्ट्री प्राकृतात अशा नामांच्या शेवटी ‘ओ’च होता. मालवणीने आणि गोव्याच्या कोकणीने तो टिकवला, प्रमाण मराठीत ‘आ’ आला. हा आपल्याकडचा ‘हूस’ म्हणायला हरकत नाही. वऱ्हाडातले मूल ‘पानी’ म्हणते. संस्कृत ‘पानीय’ आठवून हा उच्चारही जुना असे म्हणण्याचा मोह होईल, पण इथे हॉइकची आठवण ठेवावी. प्राकृतात त्याचा ‘पाणिअ’ झालाच होता, आणि वऱ्हाडीत ‘कोण’चाही ‘कोन’ होतो. म्हणजे हा नंतरचा, पण सरसकट लागू होणारा बदल आहे. एक उच्चार जुना, दुसरा नवा. नियम मात्र दोघांनाही आहेत.

मुलांना प्रमाण भाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेला, नोकरीला, गावाबाहेरच्या जगाला ती लागते. पण ‘तुझे चुकले’ आणि ‘तुझ्या घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात’ ही दोन वाक्ये मुलाच्या मनावर फार वेगळा परिणाम करतात. दुसरे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अधिक अचूकही आहे.

एक छोटा प्रकल्प सुचवतो. ‘पाणी’, ‘घोडा’, ‘कोठे’, ‘मुलगा’ असे दहा शब्द घ्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने आजी-आजोबांना चित्र किंवा खूण दाखवून, शब्द स्वतः न उच्चारता, त्यांचा शब्द आणि उच्चार लिहून आणावा. त्यांचे मूळ गावही नोंदवावे. मग तालुक्याच्या नकाशावर रंगीत टाचण्या लावाव्यात. कोठे तरी एखादी सीमा उमटेल आणि ती का उमटली असावी, यावर वर्गात चर्चा होईल.

अ‍ॅबर्डीन सोडण्यापूर्वी मी हे सारे त्या मेकॅनिकना माझ्या परीने समजावून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हातातला पाना पुसत म्हणाले, ‘‘म्हणजे आमच्या मास्तरांचे चुकले होते तर.’’ आणि निरोप घेताना त्यांनी पहिल्यांदाच मला आग्रहाने बोलावले, त्यांच्या ‘हूस’मध्ये, चहाला.